चौथा चेंडू

तिसराही चेंडू बॅटच्या टप्प्याबाहेरून गेला तेव्हा पूर्णिमा खुर्चीतून उठून उभीच राहिली. चौथा गेला, तिच्या लेकीने, ईश्वरीने बॅट खाली ठेवली आणि मान खाली घालून ती पहिल्या बेसकडे चालायला लागली, तसं पूर्णिमाच्या तोंडून निघूनच गेलं, "अहो, एक तरी चेंडू नीट टाका की पोरीला!"

कतारमधल्या, दोह्याच्या उत्तरेकडच्या उम्म सलाल मोहम्मदच्या त्या मैदानावर मराठी कळणारी मोठी माणसं तिच्याखेरीज दोनच होती. एक शेजारच्या खुर्चीत थर्मासमधून चहा ओतत होती आणि दुसरा समोरच्या संघाचा कोच म्हणून कमरेवर हात ठेवून उभा होता. दोघं नवराबायको, मूळचे रत्नागिरीचे.

"बस गो बाई खाली," साजिदाभाभी म्हणाली. "बायकांच्या ओरडण्यानं आमचा माणूस सुधारला असता, तर मी त्याला आत्तापर्यंत पीर करून ठेवला असता."

"भाभी, पण हे मुद्दाम करतायत."

"मुद्दामच करतायत. चहा घे."

क्रिकेटवर वाढलेल्या पूर्णिमाला हा बेसबॉल वर्षभर बघूनही पचला नव्हता. क्रिकेटमध्ये वाइड टाकला तर टाकणाऱ्याला भुर्दंड, एक धाव वर आणि चेंडू पुन्हा. इथे बाहेरचे चार चेंडू झाले की बॅट ठेवायची आणि न खेळताच पहिल्या बेसवर चालत जायचं. त्याला म्हणायचं वॉक. आणि समोर जोरात मारणारं कुणी उभं राहिलं, की कोच खुशाल पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, खूण करतो, टाक चारही बाहेर, जाऊ दे चालत. एक बेस गेला तर गेला, फटका तरी बसत नाही. अकरा-बारा वर्षांच्या पोरांच्या सामन्यांत असलं काही कुणी करत नसे. ही अक्कल साजिदाभाभीच्या नवऱ्याने, नसरुद्दीनभाईंनी काढली, ती बघून बाकीचे कोचही शिकले, आणि दर शुक्रवारी ईश्वरीच्या वाट्याला तेच यायला लागलं. पोरगी नटूनथटून बॅट घेऊन उभी राहायची आणि चालत जायची.

एरवी पूर्णिमाने हे हसून सोडून दिलं असतं. पण आता सगळंच या खेळावर येऊन ठेपलं होतं.

ईश्वरीची शाळा पाचवीपर्यंतच होती. सहावीच्या जागेसाठी पूर्णिमाने दोह्यातल्या भारतीय शाळांचे उंबरे झिजवले होते. फुटबॉल वर्ल्ड कपचं यजमानपद मिळाल्यापासून शहर नुसतं फुगत चाललेलं. जिकडे बघावं तिकडे क्रेन, उकरलेले रस्ते, रोज नवीन डायव्हर्जन, आणि प्रत्येक विमानातून बायकापोरांसकट उतरणारे इंजिनियर. स्टेडियमं कुठे कुठे होणार ते सगळ्यांना तोंडपाठ होतं; या पोरांनी शिकायला बसायचं कुठे, हे मात्र कुणाला सांगता येत नव्हतं. प्रत्येक खिडकीतून तिला एकच उत्तर मिळालं होतं, सॉरी मॅडम, फुल.

जागा मिळाली नाही तर तिने ईश्वरीला घेऊन नाशिकला जायचं, कंपनीचं घर सोडायचं आणि नवऱ्याने, नंदूने, मेसईदच्या बॅचलर क्वार्टरमध्ये राहायचं, हे जवळजवळ ठरलंच होतं. नंदू तिथल्या खताच्या कारखान्यात शिफ्ट इंजिनियर. तो म्हणायचा, "नाशिकला काय वाघ खातात का तुम्हाला?"

वाघ नव्हते. पण गेल्या उन्हाळ्यात हा माणूस शिफ्टवरून आला आणि दारातच कोसळला होता. ब्लडप्रेशरची गोळी हातावर ठेवून, वर पाण्याचा पेला धरल्याशिवाय त्याने ती आजवर घेतली नव्हती. त्याला इथे एकट्याला सोडायचं म्हटलं की पूर्णिमा उठून त्याच्या गोळ्यांची पाकिटं मोजायला लागायची. ती सतत बघत राहणारी बाई होती. नवऱ्याचे डोळे सुजलेत का, पोरगी जेवताना गप्प का, गॅस नीट बंद झालाय का. आपण बघत राहिलो की काही वाईट होत नाही, आणि नजर हलली की होतं, असं तिच्या मनाने कधीच ठरवून टाकलं होतं.

एकच दार उघडं राहिलं होतं. या मैदानाला लागूनच अमेरिकन पद्धतीची एक नवी शाळा सुरू होत होती. तिथे सहावीत खेळाडूंसाठी थोड्या जागा होत्या आणि त्या कुणाला द्यायच्या हे तिथल्या खेळाच्या प्रमुख, मिसेस हॉलंड, ठरवणार होत्या. सामना संपल्यावर ईश्वरीच्या संघाचा कोच ग्रेग पूर्णिमाजवळ आला आणि म्हणाला, "पुढच्या शुक्रवारी मिसेस हॉलंड येतायत. ईश्वरीला बघायला."

"पुढच्या शुक्रवारी कुणाशी आहे?"

ग्रेगने हनुवटीने पलीकडे दाखवलं. नसरुद्दीनभाई पोरांकडून हेल्मेटं गोळा करून घेत होते.

म्हणजे बघायला येणार आणि बघणार काय? पोरगी चालताना?

*

गाडीत बसायच्या आधी पूर्णिमाने नसरुद्दीनभाईंना गाठलंच. ते नव्या बंदराच्या कामावर इंजिनियर होते, टेक्सासला शिकून आलेले. हा खेळ त्यांनी तिथूनच उचलला होता. दोन्ही घरं दोह्याच्या दक्षिणेला, साजिदाभाभी वकऱ्याला आणि पूर्णिमा मेसईदला, त्यामुळे येणंजाणं एकाच गाडीने व्हायचं. दोघींच्या पोरी, ईश्वरी आणि सुमैया, मागच्या सीटवर एकाच इयरफोनचं एकेक टोक कानात घालून बसायच्या. सुमैया बापाच्या संघाची पिचर होती. म्हणजे ईश्वरीला दर वेळी चालत पाठवणारा हात तिच्या मैत्रिणीचाच होता, आणि दोघींना त्याचं काही वाटत नव्हतं.

"भाई, पुढच्या शुक्रवारी तिला खेळू द्या," पूर्णिमा म्हणाली. "एकदाच. मिसेस हॉलंड येणारेत. तुम्हाला माहितीय आमचं काय चाललंय ते."

नसरुद्दीनभाईंनी हेल्मेटांची पिशवी खाली ठेवली. "ताई, माहितीय. साजिदा रोज सांगते. पण तुम्ही उलटं बघताय. चालत पाठवणं हा अपमान नाही. आपण ज्याला घाबरतो त्यालाच चालत पाठवतो."

"हो, पण दिसत काय? काहीच नाही दिसत."

"ज्याला खेळ कळतो त्याला दिसतं." ते हसले. "अमेरिकेत तर असंही झालंय, तिन्ही बेसवर माणसं उभी आणि तरी कोचनं फलंदाजाला मुद्दाम चालत पाठवलं. म्हणजे काय, की सगळे एकेक बेस पुढे सरकणार आणि तिसऱ्या बेसवरचा आपोआप घरी, म्हणजे रन फुकट दिला. एका माणसाच्या बॅटला घाबरून! शंभर वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळा झालं असेल. ज्याच्यासाठी झालं त्याचं नाव लोक अजून काढतात."

"माझ्या पोरीला नाव नकोय भाई, बाक हवाय बसायला."

त्यांचं हसू गेलं. "मी माझ्या पोरांना काय सांगू, ताई? ईश्वरीच्या आईसाठी हरा म्हणून?"

पूर्णिमाने पिशवी उचलून त्यांच्या हातात दिली. पण तिला ते पटलं नव्हतं. परतीच्या वाटेवर डायव्हर्जनच्या नारिंगी डब्यांमधून गाडी मुंगीच्या पावलांनी सरकत होती आणि पूर्णिमा पुढच्या आरशातून मागच्या सीटकडे बघत होती. सुमैयाचा हात ईश्वरीच्या मांडीवर पडला होता. उजवा. टाकायचा.

*

मंगळवारी ती वकऱ्याला साजिदाभाभीकडे गेली. निमित्त कोकमाचं होतं. भाभीच्या भावाने रत्नागिरीहून पाठवलेलं. भाभी पिशवी बांधता बांधता नमाजाची वेळ झाली म्हणून आत गेली आणि स्वयंपाकघरात पूर्णिमा आणि सुमैया दोघीच राहिल्या. सुमैया फ्रीजला टेकून दही खात होती.

बोलायचं नाही असं पूर्णिमाने येताना तीनदा ठरवलं होतं.

"सुमैया, एक काम करशील बेटा?"

"हां आंटी."

"शुक्रवारी... अब्बू तुला सांगतील ना, ईश्वरीला बाहेर टाक म्हणून. तर टाक. तीन टाक बाहेर. चौथा जरासा आत आण. तिची बॅट पोचेल एवढाच. बाकी काही नको."

सुमैयाने चमचा तोंडातच ठेवला. मग काढला. "ईश्वरीने सांगितलं?"

"नाही. तिला काही माहीत नाही. तिला सांगू पण नकोस."

"अब्बूंना?"

"त्यांनाही नको." पूर्णिमाने तिचा दह्याने ओला झालेला हात धरला. आपला आवाज भिकाऱ्यासारखा येतोय हे तिला ऐकू येत होतं, पण थांबता येत नव्हतं. "नाही तर आम्हाला जायला लागेल गं. नाशिकला. ईश्वरीला पण. तुला आवडेल का ती गेलेली?"

पोरीच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकलं. हा शेवटचा घाव नको घालायला होता, पूर्णिमाला कळलं. पण घातला होता.

"इन्शाल्ला," सुमैया म्हणाली. मोठी माणसं हो म्हणायचं नसतं आणि नाहीही म्हणता येत नाही तेव्हा म्हणतात, तसं. आणि वाटी सिंकमध्ये ठेवून, नळ सोडून, ती वाटी खूप वेळ धूत राहिली.

*

शुक्रवारी नंदूची शिफ्ट होती. निघताना तो म्हणाला, "टेन्शन घेऊ नको. झालं तर झालं." मग दाराशी वळून ईश्वरीला म्हणाला, "पिंट्या, लक्षात आहे ना? बाहेरचा असला तर पुढे सरकून घे."

"बाबा, धिस इज नॉट क्रिकेट," ईश्वरी म्हणाली.

सकाळपासून धूळ होती. मैदानापलीकडची खजुराची शेतं पुसट दिसत होती. मिसेस हॉलंड पहिल्या रांगेत बसल्या होत्या. पन्नाशीच्या, मोठी टोपी, उन्हाने भाजलेले हात, मांडीवर सूर्यफुलाच्या बियांची पुडी. त्या बिया खात होत्या आणि टरफलं एका पेल्यात टाकत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून पूर्णिमाला काडीचंही कळत नव्हतं.

पहिल्यांदा ईश्वरी बॅट घेऊन आली. चार बाहेर. चालत गेली.

दुसऱ्यांदा आली. चार बाहेर.

पूर्णिमाने साजिदाभाभीकडे बघितलं नाही. भाभीने चहा पुढे केला. मिसेस हॉलंडनी पुडी बाजूला ठेवली, एवढं मात्र पूर्णिमाने टिपलं. बघायला काही नाही म्हणून उठणार आता, असंच तिला वाटलं.

आणि शेवटचा डाव आला. नसरुद्दीनभाईंचा संघ दोन धावांनी पुढे होता. ईश्वरीच्या संघाचे दोन गडी बाद झाले होते, आणखी एक गेला की खेळ खलास. पण तिन्ही बेसवर पोरं उभी होती. अन् बॅट घेऊन आली ईश्वरी.

आता नाही पाठवता येणार चालत, पूर्णिमाने मनात म्हटलं. आता पाठवलं तर धाव फुकट जाईल. आता टाकावाच लागेल. तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

नसरुद्दीनभाई कडेला उभे होते. ईश्वरीनंतर बॅटीला कोण येणार ते त्यांनी मान वाकडी करून पाहून घेतलं. धवल होता, संघातला सगळ्यात छोटा, हेल्मेट नाकावर घसरणारा. भाईंनी क्षणभर आकाशाकडे पाहिलं आणि मग हात उचलून चार बोटं दाखवली.

गोऱ्या आयांमधून कुजबुज उठली. एका बापाने तोंडावर हात ठेवला. मिसेस हॉलंड उभ्या राहिल्या.

"या अल्ला," साजिदाभाभी पुटपुटली. "रन फुकट देतोय. ह्याचं डोकं फिरलंय."

पूर्णिमाला यातलं एकच समजलं. या माणसाने शेवटचं दारही लावून घेतलं.

पहिला चेंडू बाहेरून गेला. कॅचर दोन पावलं बाजूला उभा राहून तो झेलत होता. दुसरा गेला. ईश्वरी बॅट खांद्यावर ठेवून शांत उभी होती. ग्रेग तिला तळहात दाखवत होता, थांब, थांब. तिसरा गेला. तिसऱ्या बेसवरचं पोरगं तर घराकडे निघायच्या बेतात हसत उभं होतं.

सुमैयाने चेंडू हातात घेतला आणि ती फेकायची थांबली. तिने हळूच खुर्च्यांकडे पाहिलं. एक क्षणच. पोरीने ध्यानात ठेवलं होतं.

चौथा चेंडू आला. बाहेरच होता, पण आधीच्या तिन्हींसारखा लांब नव्हता. सावकाश येत होता, जणू कुणी हातात आणून द्यावा. ईश्वरीची बॅट खांद्यावरच होती. ती सोडून देणार होती. ते तिच्या मानेवरूनच दिसत होतं.

"ईशू, पुढे हो! मार!"

हा आवाज आपला आहे हे पूर्णिमाला तो निघून गेल्यावर कळलं. मेसईदच्या पार्किंगमध्ये बाप संध्याकाळी तेच ओरडायचा, घरी ती स्वतः काही ना काही ओरडायची, आणि पोरगी चालायला लागल्यापासून या दोन आवाजांवर हलत आली होती. ईश्वरीचा डावा पाय पुढे पडला. मग उजवा. बॅट फिरली आणि असा आवाज झाला की शेतातली कबुतरं उडाली. चेंडू सगळ्यांच्या डोक्यांवरून, धुळीत, दिसेनासा झाला.

पूर्णिमा ओरडत होती. खुर्ची उलटी पडली होती. तिन्ही पोरं धावत घरी येत होती, एकामागून एक. ईश्वरी पहिला बेस ओलांडून दुसऱ्याकडे निघाली होती. पूर्णिमाने साजिदाभाभीला मिठीच मारली.

भाभी मिठीत दगडासारखी उभी होती. ती मैदानाकडे बघत होती. "पूर्णिमा," ती म्हणाली, "अंपायर बघ."

अंपायरची मूठ वर होती. आउट. तो फलंदाजाच्या जागेपाशी वाकला आणि बोटाने खाली दाखवलं. ती पांढऱ्या चुन्याची चौकट पूर्णिमाने वर्षभर पाहिली होती आणि कधीच पाहिली नव्हती. क्रिकेटमध्ये रेघ ओलांडून पुढे जाऊन मारता येतं. इथे चौकटीच्या पूर्ण बाहेर पाय टाकून चेंडू मारला, की मारणारा बाद. ईश्वरीच्या बुटाचा ठसा चौकटीच्या बाहेर, कोऱ्या मातीत, स्पष्ट उमटला होता. तिसरा गडी. एकही धाव नाही. खेळ संपला.

ईश्वरी दुसऱ्या बेसवर उभी राहिली. तिने हेल्मेट काढलं. ती अंपायरकडे बघत नव्हती, ग्रेगकडेही नाही. सरळ आईकडे बघत होती.

*

पूर्णिमा मैदानात गेली तेव्हा नसरुद्दीनभाई सुमैयासमोर उभे होते. जिंकूनही त्यांचा चेहरा उतरला होता.

"चौथा आत कसा गेला? तीन नीट जातात आणि चौथा आत कसा?"

सुमैया हातमोज्याची दोरी ओढत होती. "सुटला."

"सुटला? असा हळू सुटतो?"

"सुटला ना अब्बू." ती रडकुंडीला आली होती.

दोन पावलांवर मिसेस हॉलंड ईश्वरीशी बोलत होत्या. त्यांचं इंग्रजी संथ होतं, प्रत्येक शब्द ऐकू येत होता. "मी तुला सांगते, मी कशासाठी आले होते," त्या म्हणत होत्या. "मला ग्रेग म्हणाला होता, एक मुलगी आहे, तिला सगळे चालत पाठवतात आणि ती एकदाही चिडत नाही. तशी मुलगी मला हवी होती. आज तिन्ही बेस भरलेले असताना तुला चालत पाठवलं, तेव्हा माझ्या बाजूने सगळं ठरलं होतं. तू नुसती उभी राहिली असतीस तर बस. म्हणून मला एवढंच विचारायचंय. धाव मिळणार हे तुला माहीत होतं?"

"येस मॅम."

"आणि चौकटीचा नियम?"

"येस मॅम."

"मग का?"

ईश्वरीने एकदा आईकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. "आय वॉन्टेड टु हिट इट," ती म्हणाली. "मला मारायचं होतं. बाकी काही नाही."

मिसेस हॉलंडनी हळूच मान हलवली. ते हलणं पूर्णिमाला ओळखीचं होतं. शाळांच्या खिडक्यांमधून तिने ते पुष्कळ पाहिलं होतं.

पोरगी खोटं बोलत होती. एक इकडे, एक तिकडे, दोन पोरी खोटं बोलत होत्या, आणि दोघी तिच्यासाठी. खरं सांगितलं तर ठरवून चेंडू टाकून घेतला असं होणार, मग जागेचं नावच नको. न सांगितलं तर पोरगी स्वतःपुरतं बघणारी ठरली, तरीही जागा नाही. कुठूनही जा, नाशिकच. नंदूचा दारात कोसळलेला देह तिला दिसला. मग दिसली सुमैया, दोरी ओढणारी.

"मी ओरडले," ती इंग्रजीत म्हणाली. आवाज चिरका आला. "पुढे हो, मार, असं मी आमच्या भाषेत ओरडले. ती थांबणार होती. तिला नियम माहीत होता, मला नव्हता."

"आई, खलास!" ईश्वरी दातओठ खाऊन म्हणाली. "प्लीज. बस झालं."

"थांब. अजून आहे." आता पूर्णिमा नसरुद्दीनभाईंकडे वळली आणि मराठीत बोलली, कारण हे इंग्रजीत बोलायला तिच्याकडे बळ नव्हतं. "भाई, तिला बोलू नका. चौथा आत टाक म्हणून मी सांगितलं होतं. मंगळवारी, तुमच्या घरी. हात धरून सांगितलं. ईश्वरी निघून जाईल असं म्हणाले मी तिला."

नसरुद्दीनभाईंनी सुमैयाकडे पाहिलं. सुमैयाचा बांध फुटला आणि ती बापाच्या शर्टात तोंड खुपसून हुंदके द्यायला लागली.

"काय म्हणाल्या त्या?" मिसेस हॉलंडनी विचारलं.

भाईंनी सुमैयाच्या डोक्यावर हात ठेवला. सांगितलं असतं तर ते खरंच होतं, आणि नसतं सांगितलं तरी मॅडमना मराठी कळत नव्हतं. "माझ्या मुलीची चूक नव्हती म्हणतात," ते शेवटी म्हणाले. "बाकी आमच्या घरातलं आहे, मॅडम."

मिसेस हॉलंडनी एकेकाकडे पाहिलं, रडणाऱ्या पिचरकडे, दगड झालेल्या फलंदाजाकडे, आणि मग पूर्णिमाकडे. त्यांना मराठीतलं एक अक्षर कळलं नव्हतं, आणि तरी काही कळायचं बाकी राहिलेलं दिसत नव्हतं.

"तुमच्या मुलीला दोन कोच आहेत," त्या म्हणाल्या. "एक ग्रेग आणि एक तुम्ही. आणि तुमचा आवाज मोठा आहे."

ईश्वरी पाठ फिरवून पार्किंगकडे निघून गेली, आणि ती लांब गेल्यावर मिसेस हॉलंड पुढे बोलल्या.

"रविवारी ऑफिस उघडलं की तिच्या वडिलांना शाळेत पाठवा. जागा आहे. पण मैदानावर तुम्ही यायचं नाही. सरावाला नाही, सामन्याला नाही. वर्षभर."

"लांबून? गाडीतून?"

"गाडीतूनही नाही. मला चालणार नाही." त्यात राग नव्हता. एखाद्या घराची किल्ली देताना कुठलं दार लावून ठेवायचं ते सांगावं, तसं त्यांनी सांगितलं. "जमेल?"

जागा मिळाली होती. नाशिक टळलं होतं, नंदूची गोळी तिच्या हातात राहिली होती. तिने देवाला इतके दिवस जे मागितलं ते सगळं मिळालं होतं, आणि तिची नजर मात्र ईश्वरी कुठे गेली ते शोधत होती. पोरगी पडेल, चेंडू लागेल, कुणी काही बोलेल, रडेल, आणि आपण बघत नसू.

"जमेल," ती म्हणाली.

खुर्च्यांपाशी साजिदाभाभी थर्मासचं झाकण फिरवत होती. सुमैयाने येऊन तिला काहीतरी सांगितलेलं दिसत होतं. पूर्णिमा जवळ गेली तशी भाभीने तिची पडलेली खुर्ची उचलून, मिटून, तिच्या हातात दिली.

"माझ्याशी बोलायचं होतंस," भाभी म्हणाली. "मी त्याच्याशी भांडले असते, नाही तर तुझ्याशी. माझ्या पोरीला कशाला मध्ये घातलंस गो?" आणि उत्तरासाठी न थांबता ती गाडीकडे चालू लागली. "तुम्हाला ग्रेग सोडतो म्हणालाय."

ईश्वरी ग्रेगच्या गाडीच्या मागच्या सीटवर आधीच जाऊन बसली होती, खिडकीला टेकून. पूर्णिमा शेजारी बसली. कसं सांगावं ते तिला कळेना. मग तिने सरळच सांगितलं. जागा मिळाली. बाबा रविवारी जातील. मिसेस हॉलंडची एक अट आहे. आई यायची नाही ग्राउंडवर. वर्षभर.

ईश्वरी तिच्याकडे वळली. सकाळपासून ताठ धरलेले तिचे खांदे हळूहळू खाली आले, इतके खाली, की ते वर होते हे पूर्णिमाला आत्ता कळलं. ती रोज बघत होती आणि हे तिने कधी बघितलंच नव्हतं.

"एकदाही नाही?" पोरीने विचारलं. मराठीत.

"नाही."

"प्रॉमिस?"

पूर्णिमाने मान डोलावली. ईश्वरीने हात पुढे केला. तळहात धुळीने माखलेला होता, बॅटीच्या मुठीचे वळ उठलेले. नुसती मान तिला पुरत नव्हती, टाळी हवी होती. पूर्णिमाने ती दिली.